रविवारी निघालेला हुकूम

सरकारी कचेरीत छत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाच्या दोन खोडी निवृत्तीनंतरही जात नाहीत. एक, चहाची वेळ. आणि दुसरी, कुठलाही कागद हाती आला की मजकुराआधी त्याच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहणे. तिथे जावक क्रमांक असतो आणि तारीख असते. लग्नपत्रिका आली तरी मी आधी तारखेचा वार जुळवून पाहतो, यावरून आमच्या घरात माझी बरीच थट्टा होते. १ मार्च २०१९ रोजी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या भाच्याने एक कागद माझ्यापुढे धरला, तेव्हाही मी तेच केले. हुकूम १० फेब्रुवारीचा होता. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान मागे उलटले. १० फेब्रुवारीला रविवार होता.

भाच्याच्या पायाशी नवी कोरी ट्रंक होती. वर सतरंजीत बांधलेली वळकटी होती. तो सिंदेवाहीजवळच्या आपल्या खेड्यातून आदल्या रात्रीच चांद्याला येऊन पोचला होता आणि पहाटे सहापासून इथल्याच एका सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या फाटकाशी उभा होता. तो एकटा नव्हता. आरमोरी, कुरखेडा, मूल, एटापल्ली अशा गावांची आणखी दहा मुले होती. प्रत्येकाजवळ ट्रंक, प्रत्येकाजवळ तोच कागद. पहारेकऱ्याने साडेसातला सांगितले की, आज कुठलीही तुकडी रुजू व्हायची नाही. नऊ वाजता आतल्या बाबूने सांगितले. दहा वाजता त्या मुलांना नेमणूकपत्रे देणाऱ्या ‘साहेबां’चा फोन बंद झाला.

“मामाजी, कागद खरा आहे ना जी?” भाच्याने विचारले.

मी कागद पुन्हा वाचला. माझ्यासाठी नव्हे, त्याला उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून. वर ‘उपवनसंरक्षक, राजुरा वनविभाग’ असे छापले होते. राजुरा हे वनपरिक्षेत्र आहे, मध्य चांदा विभागातले. राजुरा नावाचा वनविभागच नाही, मग त्याचा उपवनसंरक्षक कुठून येणार? सही हिरव्या शाईची होती, शिक्का गोल होता, तीन सिंह अगदी ठसठशीत उमटले होते. ‘प्रत माहितीसाठी’ अशी ओळ कुठेच नव्हती. आमच्या खात्यात साधी रजा मंजूर झाली तरी त्याची प्रत चार ठिकाणी जाते, आणि इथे एक माणूस जन्मभरासाठी नोकरीला लागतो आहे आणि कोषागाराला त्याचा पत्ता नाही! आणि शेवटी लिहिले होते, ‘आपले हार्दिक अभिनंदन.’

वाचकहो, सरकार कुणाचे हार्दिक अभिनंदन करीत नाही. माझ्या हातून शेकडो नेमणूक आदेश टंकलिखित झाले, आधी खडखडणाऱ्या टाइपरायटरवर आणि मग संगणकावर. त्यात अटी असतात. चारित्र्य पडताळणीच्या अधीन, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या वैद्यकीय दाखल्याच्या अधीन, जातवैधता प्रमाणपत्राच्या अधीन. ‘अमुक दिवसांत हजर न झाल्यास हा आदेश रद्द समजण्यात येईल’ असा दम असतो. प्रेमळ नेमणूकपत्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“खरा नाही,” मी म्हटले. भाचा काही बोलला नाही. ट्रंकेवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. बूटही नवे होते.

ही हकिगत मी चारचौघांत सांगतो तेव्हा शहरातले लोक हमखास म्हणतात, “बी. ए. झालेला मुलगा इतका भोळा कसा?” त्यांना आमचे मुलूख ठाऊक नाहीत. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला आमच्या चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास भूमी जंगलाखाली आहे. पावसाळ्यात धानाची बांधी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, आणि मधल्या महिन्यांत ज्याला जे मिळेल ते. दरवर्षी हजारो माणसे, त्यांत बायाही, मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत तीच माणसे रणरणत्या उन्हात डोक्यावर मिरचीची पोती घेऊन पायी परतताना दिसली होती. अशा मुलखात ‘कायमची नोकरी’ म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळते. बल्लारपूरची कागद गिरणी, भद्रावतीचा दारूगोळ्याचा कारखाना, दुर्गापूरचे वीजकेंद्र, कोळशाच्या खाणी, गडचांदूरकडचे सिमेंट, आता सुरजागडची लोहखाण. या साऱ्यांच्या धुराड्यांकडे आणि फाटकांकडे पाहत इथल्या पिढ्या वाढल्या. आणि गावात पक्क्या घराचा माणूस बहुधा एकच: ज्याच्या अंगावर खाकी आहे तो.

शिवाय ठकाचे बी मोकळ्या हवेत रुजत नाही, त्याला खऱ्याची थोडी माती लागते. ती इथे भरपूर आहे. २०१२ साली वनखात्याने वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबणाऱ्या हजारो वनमजुरांना खरोखरीच कायम केले. त्यांनी कुठली परीक्षा दिली नव्हती. दिली होती ती आयुष्याची वीस-वीस वर्षे. पण गावात गोष्ट पोचली ती एवढीच, की अमक्याचा बाप परीक्षेवाचून कायम झाला. कोळसा खाणीचेही तसेच. खाणीत जमीन गेली की कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणाप्रमाणे दर दोन एकरांमागे एक नोकरी देता येते. खाणीत कामगार मृत्यू पावला तर वेतन कराराच्या कलमानुसार त्याच्या वारसाला घेतात. हे सगळे कायद्याने होते, कागदोपत्री होते. पण पारावर बसून ऐकणाऱ्याला त्यातून एकच अर्थ लागतो: नोकरीला पुढचे दार आहे तसे मागचेही आहे, फक्त कुलपाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधले पाहिजे. मग एक दिवस किल्लीवाला स्वतःच चालत येतो.

आमचा किल्लीवाला पांढऱ्या मोटारीतून आला. वय पंचेचाळीस, बोलणे मऊ, वनखात्यातल्या अधिकाऱ्यांची नावे त्यांच्या बदल्यांसकट तोंडपाठ. (ही नावे प्रत्येक कचेरीच्या फलकावर लिहिलेली असतात. पण फलक वाचणारा भेटतो कुठे?) पैशांचे नाव त्याने पहिल्या दोन भेटींत काढले नाही. उलट म्हणाला, “जागा अकराच आहेत आणि मला माणसे पारखून घ्यायची आहेत.” त्याने भाच्याकडून अर्ज लिहून घेतला, उंची मोजली, छाती मोजली, छाती एका सेंटिमीटरने कमी भरते म्हणून मान हलवली आणि मग ‘बघतो, जमवू’ म्हणाला. त्या एका सेंटिमीटरने काम केले. ज्याला नाकारले जाण्याची भीती वाटली तो आता स्वतःहून मागे लागला.

एकदा त्याने पाच मुलांना चांद्याला आणून एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात बसवले. “इथेच थांबा, साहेबांशी बोलून येतो,” म्हणून आत गेला आणि अर्ध्या तासाने हातात फाइल घेऊन, रुमालाने हात पुसत बाहेर आला. मुलांची खात्री पटली. पुढे त्या कचेरीतल्या शिपायाला मी खोदून विचारले तेव्हा तो म्हणाला, “तो होय? तो दर आठवड्याला येत होता जी. आत येऊन मुतारीला जायचा आणि मागच्या बाकावर पेपर वाचत बसायचा.” फाइल त्याची स्वतःचीच.

चार लाख ठरले. एक लाख आधी, दोन ‘वैद्यकीय’ झाल्यावर, उरलेला हुकूम हाती पडल्यावर. वैद्यकीय तपासणी नागपूरच्या कुठल्याशा खाजगी दवाखान्यात झाली, तिचे पंधराशे वेगळे. हमी म्हणून त्याने स्वतःच्या सहीचा धनादेश दिला. आणि पडताळणीसाठी म्हणून मूळ कागद घेतले: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला, जातवैधता. पैशांचे दुःख मोठे खरे; पण ज्यांच्या घरातून असे मूळ कागद गेले आहेत त्यांना विचारा. पुढच्या प्रत्येक खऱ्या भरतीचे दार त्यामुळे बंद होते, आणि ठकाला तेच हवे असते. कागद त्याच्याकडे आहेत तोवर मुलगा तोंड उघडत नाही.

पैसे आले ते असे. बहिणीच्या पाटल्या ब्रह्मपुरीच्या सराफाकडे गेल्या. आमच्या भाटव्यांनी (मेहुण्याला आमच्याकडचा शब्द) तळ्याखालची एक एकर बांधी विकली. ओलिताची, सगळ्यांत चांगली.

आता मला जे सांगायचे आहे ते सोपे नाही. हा भाचा आधी माझ्याकडे आला होता. २०१८ ची दिवाळी, भाऊबीजेचा दिवस. जेवणे झाली होती, आम्ही चौघेजण पत्ते कुटीत बसलो होतो. तो दाराशी उभा राहून म्हणाला, “मामाजी, वनखात्यात भरती आहे म्हणतात, तुमच्या ऐकण्यात आहे का?” मी हातातल्या पानांवरून नजर न काढता म्हणालो, “करतो चौकशी.” आणि केली नाही. विसरलो असे म्हटले तर ते खोटे होईल. छत्तीस वर्षे नातेवाइकांनी वशिल्यासाठी माझे डोके खाल्ले होते. ‘मामा खात्यात आहे’ या एका वाक्यापायी मी कित्येक लग्नांना जायचे टाळले आहे. मला वाटले, हाही शब्द टाका म्हणणार. त्याला हवा होता तो शब्द नव्हे, माहिती. जाहिरात निघाली आहे की नाही, एवढे सांगायला मला एक फोन पुरला असता. मी तो केला नाही. तो पांढऱ्या मोटारीचा गृहस्थ मात्र त्याच्याबरोबर अंगणातल्या खाटेवर तीन-तीन तास बसला, आईच्या हातचा चहा प्याला, त्याच्या अपयशाची सगळी कहाणी ऐकून घेतली. पोलीस भरतीत दोनदा एक-दोन गुणांनी राहिलेल्या मुलाचे इतके कुणी ऐकून घेतले नव्हते.

आणि त्या गृहस्थाने माझीही सोय आधीच लावून ठेवली होती. “तुझे मामा सरळ माणूस आहेत,” तो भाच्याला म्हणाला, “त्यांच्या कानावर घालू नकोस. उगाच त्यांच्या निवृत्तिवेतनाला धक्का लागायचा.” माझ्या प्रामाणिकपणाची अशी पावती मला आजवर कुणी दिली नव्हती! घरच्या जाणत्या माणसाला सांगू नका, असे जो म्हणतो त्याच्याविषयी दुसरे काही तपासायची गरज नाही, हे मला आता कळते.

यात आमचीच मुले मागासलेली, असे कुणी समजू नये. २०२२ च्या जून-जुलैत तमिळनाडूच्या अठ्ठावीस तरुणांना नवी दिल्लीच्या रेल्वे स्टेशनवर महिनाभर रोज आठ-आठ तास उभे करून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला लावले होते. तिकीट तपासनीस, कारकून अशा जागांचे हे प्रशिक्षण आहे, असे त्यांना सांगितले होते. प्रत्येकाने दोन लाखांपासून चोवीस लाखांपर्यंत मोजले होते. सारे मिळून दोन कोटी सदुसष्ट लाख. त्यांत पदवीधर होते, अभियंते होते. स्टेशन खरे, गाड्या खऱ्या, मोजणीही खरी. फक्त ती कुणाला नको होती. आणि त्यांना तिथवर पोचवणारा एक वृद्ध माजी सैनिक होता. त्यानेच पुढे पोलिसांत तक्रार केली आणि आपणही फसलो असे सांगितले. ही बातमी वाचली तेव्हा मी त्या म्हाताऱ्याचाच विचार करीत बसलो होतो. ठकाला नेहमी एक भला माणूस मध्ये लागतो. मी पत्ते खेळत बसलो नसतो, तर कदाचित त्याने मलाच मध्ये घेतले असते.

तर, त्या दिवशी दुपारी मी भाच्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. अकरा मुलांपैकी चौघेच आले. बाकीचे का आले नाहीत? एकाचा बाप मला फोनवर स्पष्ट म्हणाला, “बाबूजी, पैसे तर आम्हीच दिले ना लाच म्हणून. आम्हालाच आत टाकतील.” ही भीती अगदीच पोकळ नाही. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला, तेव्हापासून लाच देणाराही शिक्षेला पात्र आहे. ज्याला बळजबरीने द्यावी लागली त्याने सात दिवसांच्या आत कळवले तर त्याला त्यातून सूट आहे. परंतु इथे घेणारा सरकारी नोकर नव्हताच, तो नुसता भामटा होता आणि गुन्हा होता फसवणुकीचा. ठाण्यातल्या फौजदारांनी हे नीट समजावले. पण ते ऐकायला सात मुले तिथे नव्हतीच. भामट्याने हे गणित आधीच करून ठेवलेले असते. तो तुम्हाला आपल्या पापात चिमूटभर भागीदार करून घेतो, म्हणजे पुढे तुम्ही त्याचे गुपित स्वतःच्या अब्रूसारखे जपता.

कलम लागले ते ४२०. (१ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत याच गुन्ह्याला ३१८ कलमाचे चौथे पोटकलम आहे. ‘चारसोबीस’ला जी गंमत होती ती ‘तीनशे अठरा’ला यायला दोन पिढ्या लागतील.) गृहस्थ पाच महिन्यांनी दुसऱ्या एका जिल्ह्यात सापडला. मोटार भाड्याची निघाली. धनादेशाचे खाते कधीचेच बंद होते. खटला रेंगाळत चालू आहे. आजवर भाच्याच्या हाती चाळीस हजार आले. मूळ कागद मिळाले नाहीत. नागपूरच्या विभागीय मंडळाकडून गुणपत्रिकांच्या दुय्यम प्रती काढल्या, विद्यापीठातून पदवीची काढली, जातवैधतेसाठी पुन्हा समितीचे उंबरठे झिजवले. त्यात एक वर्ष गेले. हे सारे मी केले. एवढे तरी माझ्याकडून झाले.

२०२३ साली वनरक्षकाची खरी भरती निघाली. २,१३८ जागा. जाहिरात खात्याच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांत, अर्ज, शुल्क, प्रवेशपत्र सगळे उघड, परीक्षा संगणकावर, मग पुरुषांना पाच किलोमीटर धावणे, बायांना तीन, आणि शेवटी चार तासांत पुरुषांना पंचवीस आणि बायांना सोळा किलोमीटर चालणे. मुलाखत नाही. केंद्रानेही आपल्या खालच्या श्रेणीतल्या जागांच्या मुलाखती २०१६ च्या आरंभापासून बंद केल्या आहेत. तेव्हा अशा जागेसाठी ‘मुलाखतीत बघून घेतो’ म्हणणारा माणूस दहा वर्षे जुने नाटक करतो आहे, असे खुशाल समजावे. शिवाय गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रातल्या वनरक्षक, तलाठी वगैरे जागांसाठी राज्यपालांची ९ जून २०१४ ची अधिसूचना आहे, स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी. बाहेरच्या मुलाला ‘एटापल्लीत लावून देतो’ म्हणणाऱ्याला ती दाखवावी, म्हणजे तो चहा न पिता उठेल.

भाचा त्या भरतीत उतरला. धावला चांगला, लेखीच्या गुणांत राहिला.

आता आमच्या कॉलनीविषयी दोन शब्द, नाही तर तुम्ही म्हणाल ही खेड्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत एक निवृत्त अभियंते राहतात. भाच्याची हकिगत ऐकून ते फार हसले होते. गेल्या वर्षी त्यांच्या सुनेला व्हॉट्सॲपवर घरबसल्या काम आले: चित्रफिती पाहायच्या, पसंतीची खूण करायची, दर खुणेला पन्नास रुपये. पहिल्या दिवशी तिच्या खात्यात खरोखरच दीडशे रुपये जमा झाले. त्या दीडशे रुपयांनी पुढचे एक लाख ऐंशी हजार ओढून नेले. ‘मोठे काम’ मिळण्यासाठी अनामत, मग ती सोडवण्यासाठी कर, मग कराचा दंड. तिने घरी सांगितले तेव्हा नऊ दिवस उलटले होते. १९३० या क्रमांकावर पहिल्या काही तासांत फोन केला, तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची आशा असते. नऊ दिवसांनी फक्त तक्रार नोंदवता येते. पांढऱ्या मोटारीला आमच्या गावी यायला रस्ता तरी लागला होता.

परदेशच्या नोकरीचे तर विचारूच नका. १९८३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी कामाला माणसे पाठवणाऱ्या दलालाने नोंदणी केलेली असावी लागते आणि उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, एवढेच त्याला घेता येतात. नोंदणी आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाच मिनिटांत दिसते. तरी संगणकाच्या कामाला म्हणून गेलेली मुले कंबोडिया, लाओस, म्यानमारमध्ये कोंडली गेली आणि त्यांच्याकडून करवून घेतलेले काम काय, तर आपल्याच देशातल्या लोकांना फोनवर ठकवणे! त्या अभियंत्यांच्या सुनेला दीडशे रुपये पाठवणारा हात अशाच एखाद्या कोंडलेल्या मुलाचा असेल का, असा विचार मनात येतो आणि मग राग नेमका कुणावर काढावा, हे समजेनासे होते.

भाच्याने आता सिंदेवाहीला बसस्थानकाजवळ ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे आणि झेरॉक्सचे लहानसे दुकान घातले आहे. आसपासच्या खेड्यांतली मुले तिथे येतात. कुणी नेमणूकपत्राचा फोटो दाखवला की तो आधी त्यावरची तारीख फोनच्या दिनदर्शिकेत टाकतो. शंका वाटली तर मला पाठवतो आणि मी, पत्ते खाली ठेवून, पाहतो. गेल्या दोन वर्षांत असे सतरा कागद आले. त्यांत खरे तीन निघाले. त्या तिन्हींत अभिनंदन नव्हते.

मागच्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. तिने पाट मांडला, ताम्हणात दिवा, सुपारी, अंगठी घेतली. ओवाळताना तिच्या हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, नुसत्याच. मी ताटात पाकीट ठेवले. जरा जाडच होते. तिने ते उचलून पाहिले, परत माझ्या खिशात घातले आणि त्यातली फक्त एक नोट ठेवून घेतली. “बाकीचे राहू दे, भाऊ,” ती म्हणाली, “बांधी विकत घेणारा मागच्या महिन्यात भेटला होता ह्यांना. तो परत द्यायला तयार आहे, पण भाव आता अडीचपट सांगतो. जमले की मीच मागीन.”

भाटवे ओसरीवर बसून धानाच्या पेंढ्या मोजत होते. तळ्याखालच्या त्या बांधीत यंदा दुसऱ्याचे धान उभे होते, आणि चांगलेच आले होते.